पुस्तक वाचलं की दोन दिवस भारल्यासारखं होतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. काय चुकतंय?

धुक्यातला_वाचक:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं मनात होतं, आज विचारतोच. गेली तीन वर्षं मी कथा-कादंबऱ्या जवळजवळ सोडल्यात आणि फक्त नॉनफिक्शन वाचतोय, म्हणजे आत्मचरित्रं, सवयींवरची पुस्तकं, पैशांच्या नियोजनावरची, वेळ कसा वापरावा, राग कसा आवरावा असलं सगळं. मागच्या रविवारी कपाट आवरताना मोजली तर ४७ निघाली, सगळी पूर्ण वाचलेली, अर्धवट सोडलेली वेगळी. त्यातलं एक सहज उघडलं तर पानोपानी माझ्याच हातच्या पिवळ्या रेघा, एका ठिकाणी समासात ‘हे उद्यापासून!!’ असं दोन उद्गारचिन्हं देऊन लिहिलेलं, आणि त्याच्या शेजारचं वाक्य मी जणू आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो. पहिल्या पानावर तारीख होती, सव्वादोन वर्षांपूर्वीची. खरं सांगतो, पोटात खड्डा पडला.

दर वेळी असंच होतं. पुस्तक संपतं, दोन-तीन दिवस अंगात वेगळंच बळ येतं, लवकर उठतो, फोन लांब ठेवतो, लोकांशी नीट बोलतो, आणि मग कधी सगळं विरून जातं ते कळतही नाही, आणि ते विरलं की मी नवीन पुस्तक उघडतो. माझा मित्र म्हणतो की ही सगळी पुस्तकं एकाच पिठाच्या भाकऱ्या, कशाला वेळ घालवतोस. ते मला पटत नाही, कारण एकदा मला फायदा झालाय. एका आत्मचरित्रात लेखकाने भावाशी अबोला धरल्याबद्दल आणि तो सोडायच्या आधीच भाऊ गेल्याबद्दल लिहिलं होतं, दोन-अडीच पानंच असतील. ते वाचताना मी पुस्तक पालथं टाकलं आणि दीड वर्ष न बोललेल्या माझ्या धाकट्या भावाला तिथल्या तिथे फोन लावला. आज आमचं रोज बोलणं आहे. म्हणजे पुस्तकात ताकद असते हे मला माहितीय. मग बाकीच्या ४६ मधून काहीच का राहिलं नाही? वाचायची पद्धत चुकतेय, निवड चुकतेय, का मीच? तुम्ही कसं वाचता ते सांगा प्लीज, अगदी बारीकसारीक सांगितलंत तरी चालेल.

मिटलेलं_पान:

आधी मनातून एक काढून टाक, तुझ्यात खोट नाहीये. तू ज्या पद्धतीने वाचतोयस त्या पद्धतीने वाचलं तर कुणाच्याही डोक्यात फार काही राहत नाही. मी शिकवते, त्यामुळे हे रोज डोळ्यासमोर बघते. मुलं धडा तीनदा वाचतात, रेघा मारतात, आणि त्यांना मनापासून वाटतं की आपल्याला आलं. ते ‘आलं’ वाटणं हेच फसवं असतं, कारण ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं.

यावर २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग आहे, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्यांना उतारे दिले, एका गटाने तोच उतारा चार वेळा वाचला, दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग न बघता तीनदा आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६० टक्क्यांच्या वर. आणि खरी गंमत पुढे आहे, आपल्याला जास्त आठवेल असं जास्त खात्रीने कोण म्हणत होतं? पुन्हा पुन्हा वाचणारे. पुढे २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा एक मोठा आढावा आला त्यातही रेघा मारणं आणि परत वाचणं या दोन्ही कमी उपयोगाच्या ठरल्या. तुझ्या पिवळ्या रेघांचं नेमकं हेच झालंय रे. रेघ मारली की मनाला वाटतं काम झालं.

मी काय करते ते सांगते. एक प्रकरण वाचून झालं की पुस्तक मिटते, खरोखर मिटते, बोट पण आत ठेवत नाही, आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते माझ्या भाषेत लिहिते. लेखकाचे शब्द वापरायचे नाहीत एवढा एकच नियम. पहिल्यांदा केलं तेव्हा अठ्ठावीस पानांच्या प्रकरणातली फक्त तीन वाक्यं आली, बाकी पांढरं. फार वाईट वाटलं होतं, पण मग परत उघडून काय सुटलं ते बघितलं आणि जे सुटलं होतं तेच पुढे सगळ्यात पक्कं बसलं. दुसऱ्या दिवशी चालताना एकदा आठवायचं, मग आठवड्याने एकदा. बास. यात वेळ जातो, पुस्तकं कमी होतात, ते होऊ दे.

आणि हे काही आजचं शास्त्र नाहीये. अठराव्या शतकातला अमेरिकन मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन, त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय की लहान वयात त्याला चांगलं लिहायला शिकायचं होतं, तर तो त्याला आवडलेल्या एका नियतकालिकातले निबंध घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवायचा, काही दिवस ते बाजूला ठेवायचा, आणि मग मूळ न बघता त्या टिपणांवरून सगळा निबंध स्वतः लिहून काढायचा आणि मग मुळाशी ताडून आपल्या चुका दुरुस्त करायचा. शाळा त्याची दहाव्या वर्षी सुटली होती, पण असं वाचायला त्याला कुणी मास्तर लागला नाही.

सावकाश:

ताईंनी लक्षात कसं ठेवायचं ते छान सांगितलं, मी त्याच्या पुढचं बोलतो, कारण लक्षात राहिलं तरी आपोआप वागण्यात येत नाही. मला कित्येक गोष्टी तोंडपाठ होत्या आणि वागणं जसंच्या तसं.

दादा, तुमच्याच पोस्टमध्ये उत्तर आहे. त्या एका पुस्तकाचं तुम्ही काय केलंत बघा. पुस्तक संपायची वाट बघितली नाहीत, रेघ मारली नाहीत, पालथं टाकलंत आणि फोन लावलात. बाकी ४६ च्या वेळी ‘उद्यापासून’ लिहिलंत. मला तरी फरक एवढाच दिसतो.

गांधीजींच्या आत्मकथेत एक प्रकरण आहे, एका पुस्तकाच्या जादूबद्दल. १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला निघताना पोलॉक या मित्राने त्यांना स्टेशनवर रस्किन या इंग्रज लेखकाचं एक छोटं पुस्तक वाचायला दिलं. चोवीस तासांचा प्रवास, पुस्तक हातातून ठेववेना, संध्याकाळी डर्बनला पोचले, त्या रात्री झोप लागली नाही आणि पहाटे उठले ते या तत्त्वांप्रमाणे जगायचं ठरवूनच. त्याच वर्षी डर्बनजवळ फिनिक्सची वसाहत उभी राहिली, आपल्या साप्ताहिकाचा छापखाना त्यांनी तिथल्या शेतावर नेला, सगळ्यांना सारखं वेतन. लोक ही गोष्ट चमत्कारासारखी सांगतात, पण ते प्रकरण नीट वाचलं तर त्यात दोन गोष्टी आहेत ज्या मला जास्त मोलाच्या वाटतात. एक म्हणजे ते म्हणतात की माझ्या आत खोल जे आधीच होतं त्याचंच प्रतिबिंब मला त्या पुस्तकात दिसलं. त्यातली तीन तत्त्वं ते सांगतात, पहिलं त्यांना माहीत होतं, दुसरं अंधुक दिसत होतं, तिसरं, म्हणजे श्रमाचं जीवनच खरं जीवन, हे सुचलंच नव्हतं. म्हणजे जमीन नांगरलेली होती, बी पडायची खोटी होती. दुसरं म्हणजे ते म्हणतात की कामाच्या रगाड्यात मला वाचायला फार कमी मिळालं, पण त्यामुळे फार काही गमावलं असं वाटत नाही, उलट थोडं वाचल्यामुळे जे वाचलं ते नीट पचवता आलं. हे वाक्य वाचलं त्या दिवसापासून मी वर्षाला किती पुस्तकं झाली हे मोजणं बंद केलं. आता वर्षाला पाच-सहा, त्यातली दोन तरी आधी वाचलेलीच.

आता कृतीचं. मी एका पुस्तकातून एकच गोष्ट घेतो, आणि ती ‘जेव्हा अमुक होईल तेव्हा मी तमुक करीन’ अशा साच्यात लिहितो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी यावर भरपूर काम केलंय, नुसता ‘मी शांत राहीन’ असा निश्चय करण्यापेक्षा वेळ, जागा, प्रसंग बांधून दिला तर तो तडीला जायची शक्यता बरीच वाढते. माझं उदाहरण देतो. रागावरचं पुस्तक वाचलं, चारशे पानं, त्यातून मी एवढंच घेतलं की मुलाने दूध किंवा पाणी सांडलं की आधी फडकं आणायचं, बोलायचं नंतर. फडकं आणायला स्वयंपाकघरात जाऊन येईपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात, तेवढ्यात राग अर्धा उतरलेला असतो. आता चार महिने झाले, मुलगा स्वतःच फडकं आणतो.

आणि दोन-तीन दिवसांनी विरून जातं म्हणून खचू नका. २१ दिवसांत सवय लागते असं सगळीकडे ऐकू येतं, त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. त्याचं निरीक्षण असं होतं की पेशंटना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. सांगोवांगीत ‘कमीत कमी’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली. प्रत्यक्षात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले आणि माणसागणिक, सवयीगणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक. एखाद्या दिवशी चुकलं तर फारसं बिघडत नाही हेही त्यात दिसलं. मला या शेवटच्या गोष्टीने फार धीर दिला, कारण मी आधी एक दिवस चुकला की सगळंच सोडून द्यायचो.

रानपाखरू:

कादंबऱ्या का सोडल्या पण? माणसं कशी वागतात हे मला तरी तिथेच जास्त कळलं. बाकी वरचं सगळं पटलं.

उलट_तपासणी:

निवडीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय, जरा लांब होईल.

मी एका मर्यादेनंतर ‘यशस्वी लोकांच्या अमुक सवयी’ टाइपची पुस्तकं वाचायची सोडली. कारण विचार करा, पहाटे चारला उठून, सगळी बचत धंद्यात घालून, नोकरी सोडून जे यशस्वी झाले त्यांनी पुस्तकं लिहिली. तेच सगळं करून जे बुडाले त्यांचं पुस्तक कोण छापणार? दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड नावाच्या संख्याशास्त्रज्ञाकडे विमानांचा असाच प्रश्न आला होता. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत याची माहिती होती, आणि साधा माणूस म्हणेल जिथे जास्त भोकं तिथे पत्रा जाड करा. पण ही तर परत आलेली विमानं. जिथे गोळी लागली की विमान परतच येत नाही, ती जागा या आकड्यांमध्ये दिसणारच नाही, आणि जपायची तीच जागा असते. यशाची पुस्तकं म्हणजे परत आलेली विमानं. ती खोटी नसतात, पण न आलेल्यांबद्दल काहीच सांगत नाहीत, आणि आपण नेमके त्यावरून आपलं आयुष्य बेतायला जातो.

म्हणून मी आता उपदेशाच्या पुस्तकापेक्षा आत्मचरित्र, चरित्र, रोजनिशी, पत्रं याकडे वळलोय, आणि त्यातही बघतो की हा माणूस आपल्या चुकांचं काय करतो. चुकांवरून दोन ओळींत पुढे गेला तर मी सावध होतो. थांबून, तारीखवार, आपण नेमकं काय केलं आणि कुणाला दुखावलं हे सांगत असेल तर ते पुस्तक सोन्याचं.

मिटलेलं_पान यांनी फ्रँकलिन काढलाच आहे तर त्याचंच सांगतो. त्याने ठरवलं की आपण निर्दोष व्हायचं, १३ गुण काढले, मितभाषण, काटकसर, नीटनेटकेपणा वगैरे, छोटी वही केली, प्रत्येक गुणाला एक पान, पानावर आठवड्याच्या सात वारांचे रकाने, आणि रात्री आठवून ज्या गुणात चूक झाली तिथे काळा ठिपका. एका आठवड्यात एकाच गुणाकडे नेटाने लक्ष द्यायचं, म्हणजे १३ आठवड्यांत एक फेरा आणि वर्षात चार. उपदेशाचं पुस्तक इथेच थांबलं असतं आणि आपण लगेच वही विकत आणली असती. पण तो पुढे जे सांगतो ते खरं कामाचं आहे. तो म्हणतो की मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त दोष निघाले. नवा फेरा सुरू करताना जुने ठिपके खरवडून काढायचा, असं करून करून वहीच्या पानांना भोकं पडली. वस्तू जागच्या जागी ठेवणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही आणि तसं त्याने साफ लिहिलंय. गर्वाबद्दल तर तो म्हणतो की पुरता जिंकला असं वाटलं तरी मला बहुधा माझ्या नम्रतेचाच गर्व होईल. मला ते भोकं पडलेलं पान फार धीर देतं. मी माझ्या वहीत पाचव्यांदा तीच चूक लिहितो तेव्हा ते आठवतं आणि मी वही बंद करत नाही.

तर पुस्तक हातात घेतलं की एवढं बघा, हा माणूस कशाच्या जिवावर हे करू शकला, म्हणजे घरचा पैसा, कुणाची साथ, कुणी पोरं सांभाळली, नशिबाने काय दिलं. ते त्याने सांगितलंय का? आणि त्याच्या सल्ल्याने नुकसान झालेला माणूस कसा असेल? हे दोन प्रश्न विचारून वाचलं की भारावणं थोडं कमी होतं, पण जे उरतं ते टिकतं.

अबोली:

सगळ्यांचं वाचलं, खूप शिकायला मिळालं, पण मला एका बाबतीत वेगळं म्हणायचंय. प्रत्येक पुस्तकातून काही काढलंच पाहिजे, ते वागण्यात दिसलंच पाहिजे, असा हिशोब लावला तर वाचणं हेच एक ओझं होईल.

बाबा आजारी होते तेव्हा मी अडीच महिने हॉस्पिटलच्या खुर्चीवर रात्री काढल्या. तिथे मी व्हिक्टर फ्रँकल या मानसोपचारतज्ज्ञाचं नाझी छळछावणीतल्या स्वतःच्या अनुभवांवरचं पुस्तक वाचलं, १९४६ चं. त्यात एक गोष्ट आहे, छावणीत येताना त्याच्या कोटात त्याच्या पहिल्या पुस्तकाचं हस्तलिखित होतं, ते गेलं. पुढे दुसऱ्या छावणीत टायफसच्या तापात असताना त्याने कागदाच्या चिटोऱ्यांवर शब्द टिपून टिपून ते परत उभं करायचा प्रयत्न केला. मी त्यातून काहीही ‘घेतलं’ नाही. कुठलीही सवय लावली नाही, काही लिहून काढलं नाही. रात्री तीनला मशीनचा आवाज चालू असायचा, बाबांचा हात माझ्या डाव्या हातात आणि उजव्या हाताने पान धरलेलं, आणि मला एवढंच वाटायचं की माणूस यातून पण जातो, गेलाय, आणि जाताना त्याच्या खिशात चिटोरे होते. त्या रात्री मला तेवढं पुरलं. बाबा गेले. ते पुस्तक मी परत उघडलेलं नाही पण ते माझ्या उशाशी आहे.

म्हणून म्हणते, त्या ४६ मधून काहीच राहिलं नाही असं इतक्या लवकर म्हणू नकोस. भावाचं ते प्रकरण वाचून तू फोन लावलास, पण तोवर किती पुस्तकांनी तुला आतून थोडं थोडं मऊ केलं असेल हे तुला कसं कळणार? वर जमीन नांगरलेली होती असं लिहिलंय कुणीतरी, नांगरणी कधी झाली हे आपल्याला दिसत नाही. हळू वाच, कमी वाच, पण वाचलेलं वाया गेलं असं मनात धरू नकोस.

मिटलेलं_पान:

अबोली, हे वाचून मी बराच वेळ काही टाईप करू शकले नाही. बरोबर आहे तुझं. मी शिकवणारी असल्यामुळे माझा ओढा ‘राहिलं किती’ कडे जातो. दुःखात वाचलेल्याला ती फूटपट्टी लावायची नसते, हे मी लिहायला हवं होतं.

धुक्यातला_वाचक:

सगळ्यांचे मनापासून आभार. मुद्दाम लगेच उत्तर दिलं नाही, आधी करून बघावं म्हटलं. आज २६ दिवस झाले.

नवीन पुस्तक आणलं नाही. तेच सव्वादोन वर्षांपूर्वीचं परत काढलं, ‘हे उद्यापासून!!’ वालं. रोज एकच प्रकरण, मग मिटून आठवून लिहायचं. पहिल्या दिवशी चार ओळी आल्या, त्यातली एक चुकीची होती, लेखकाने बरोबर उलटं म्हटलं होतं. म्हणजे सव्वादोन वर्षं मी जे थोडंफार धरून होतो तेही उलटं. आता दहा-बारा ओळी येतात. उलट_तपासणी यांचे दोन प्रश्न मागच्या पानावर लिहून ठेवलेत, आणि दुसऱ्याच प्रकरणात लक्षात आलं की लेखक ज्या मोकळ्या सकाळींबद्दल एवढं लिहितो त्या सकाळी घर कोण बघत होतं याचा उल्लेखच नाही. मग मी ते पहाटेचं सगळं सोडून दिलं, आमच्या घरी ते बायकोच्या झोपेवर बेतलं असतं.

घेतलं एवढंच, सावकाश यांच्या साच्यात: घरी येऊन चप्पल काढली की फोन चपलांच्या कपाटावर ठेवायचा, जेवणं होईपर्यंत उचलायचा नाही. २६ पैकी १९ दिवस जमलं. सात दिवस चुकलं, त्यातले तीन सलग होते, आधीचा मी असतो तर तिथेच सुटलं असतं. काल धाकट्याचा फोन आला तेव्हा फोन कपाटावरच होता, मुलीने ऐकला आणि ‘काकाचा आहे, हा चालेल ना?’ असं विचारत धावत आणून दिला.

अबोली ताई, तुमचं लिहिलेलं मी बायकोला वाचून दाखवलं. रानपाखरू, कादंबरी पण आणलीय एक, ती मात्र काहीही न लिहिता वाचणार आहे. एक विचारायचं राहिलं, आठवून लिहिलेले कागद तुम्ही ठेवता का टाकून देता?

मिटलेलं_पान:

टाकून देते. आठवड्याने परत कोऱ्या कागदावर लिहायचं असतं ना, जुना समोर असला की नजर तिकडे जाते. फक्त ज्यात मी लेखकाशी भांडलेय ते ठेवते, पुस्तकातच घडी घालून. तुझा तो उलट्या वाक्याचा कागद ठेव.